लाल कागदाखालची गुंडी

कौल लावायचे लाकडी ठोकळे तिसऱ्यांदा पालथे पडले आणि लो गुरुजींनी घंटी उचलून पिशवीत टाकली.

"नाहीये इथे कोणी," ते वैतागून म्हणाले. "एक उताणा, एक पालथा पडला असता तर होकार. दोन्ही उताणे पडले असते तर म्हटलं असतं हसतेय पोर. पण तीन वेळा आलो, तिन्ही वेळा दोन्ही पालथे. आजी, या वाहनतळात स्कूटर सोडून काही नाही."

खिम आजी प्लास्टिकच्या स्टुलावर छत्री धरून बसल्या होत्या. तैवानातल्या कीलुंगचा पाऊस, तो काय, असतोच. त्या बिल्येनकडे बघून म्हणाल्या, "जागा तू दाखवलीस."

बिल्येनला तोंडात मारल्यासारखं झालं. गेली वीस वर्षं ती हेच करत होती. जुना फोटो आणा, गल्ली कुठली, दुकान कोणतं, फोटोवाला कुठे उभा होता, सगळं सांगायची. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर तर दुसरा उद्योगच नव्हता. इमारती पडतात, कालव्यावर स्लॅब पडून त्यावर बाजार उभे राहतात, पण मागचा डोंगर कुठे जात नाही, असं ती सगळ्यांना ऐकवायची. डोंगराची कड जुळली की जागा जुळली. आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. एकदा "इथेच" म्हटलं की इथेच.

खिम आजींच्या फोटोत मात्र ती कड जुळली नव्हती. कोपऱ्यावरची मनोऱ्याची इमारत ओळखू आली, कालव्याचा कठडा ओळखू आला, पण डोंगराची खाच भलतीकडे होती. "डोंगर खणला असेल नंतर," असं म्हणून बिल्येनने वेळ मारून नेली होती. आता ते आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

कारण इथे कोणाच्या हौसेचा प्रश्न नव्हता. खिमची मोठी बहीण बोंग्यो दुसऱ्या महायुद्धात गेली, विमानांनी बंदरावर बॉम्ब टाकले त्या दिवशी. बारा वर्षांची पोर. बोंग्यो म्हणजे "असू दे, वाढवू", नकुशीच म्हणा ना. आईने धाकटीला डोंगरात मामाकडे धाडलं आणि थोरलीला घर राखायला ठेवलं. घर राहिलं नाही, पोर राहिली नाही, हाडसुद्धा हाती लागलं नाही. बिनलग्नाच्या मुलीला माहेरच्या देव्हाऱ्यात जागा नसते आणि सासर तर तिला मिळालंच नव्हतं. म्हणून खिम आजींनी भिक्षुणींच्या मठात तिच्या नावाची पाटी सांगून ठेवली होती. पण जीव जिथे पडला तिथून नाव घेऊन बोलवावा लागतो. नाहीतर पाटी म्हणजे नुसती फळी.

आणि पुढच्या सोमवारी खिम आजींच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"मी टेबलावरून उठले नाही, तर तिला नावाने हाक मारणारं राहिलं कोण?" त्या म्हणाल्या. "सत्तर वर्षं उपाशी उभी आहे ती कुठेतरी. चल घरी. फोटो परत बघ. नीट बघ या खेपेला."

घरी त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. बिल्येनने तो शंभरदा पाहिला होता. दारात दोन माणसं, एक पोर आणि शेजारी एक पुरुष. दोघांच्याही गळ्यापासून कमरेपर्यंत एक लाल कागद चिकटवलेला. आधी विचारलं तेव्हा आजींची सून म्हणाली होती, "जुनंच आहे ते, डाग लपवायला लावलं असेल." बिल्येननेही पुढे विचारलं नव्हतं.

"हा कागद काढू का, आजी?"

"नाही."

"मागे काहीतरी असेल. दाराची चौकट, कठडा. मला एवढीशी गोष्ट पुरते."

"मागे काय आहे ते मला माहीत आहे!" खिम आजी एकदम खेकसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आईने चिकटवलाय. बोंग्यो गेल्यानंतर. फोटो आला तेव्हा कोणी निरखून बघितला नाही, ती गेल्यावर आईने बघितला. पोरीने मेलेल्यांचा सदरा घातलाय त्यात."

बिल्येनने कागदावरचं बोट मागे घेतलं.

"आपला सदरा उजव्या बगलेखाली बंद होतो," आजी सांगत होत्या. "मेलेल्या माणसाला घालतात तो डाव्या. फोटोत तिच्या गुंड्या डावीकडे आहेत. आई म्हणाली, ही तेव्हाच त्यांची झाली होती, आपण अडवून काय झालं असतं? त्यानंतर आईने तिचं नाव काढलं नाही. रडलीसुद्धा नाही. आणि गंमत बघ, रोज सकाळी मीच सदरा उलटा घालायची. मग बोंग्यो म्हणायची, 'मढं व्हायचंय का तुला? थांब, हलू नको.' आणि स्वतः गुंडी लावून द्यायची. मी हनुवटी वर करून उभी राहायची. आणि शेवटी ती स्वतःच..."

त्यांनी उठून स्वतःच किटली गॅसवर ठेवली. "काढ. बघू दे मला एकदाच."

वाफेवर कागद सुटत आला. आधी पोरीचा गळा दिसला, मग छाती. गुंड्या डाव्या बगलेखाली होत्या. पोर सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. खिम आजींनी डोळे गच्च मिटले.

उरलेला कागद ओढला आणि शेजारच्या पुरुषाचा साहेबी शर्ट उघडा पडला. बिल्येनने भिंग लावलं. परत लावलं.

"आजी, हा कोण?"

"तो? 'हो' आडनावाचा काका. फोटो काढणाऱ्याचा भाऊ."

"हाही मेलेला होता का तेव्हा?"

"वेडी का तू? माझ्या मुलाच्या लग्नात दोन ताटं जेवला तो!"

"मग त्याचा खिसा उजव्या छातीवर कसा?" बिल्येन जवळजवळ ओरडलीच. "शर्टाचा खिसा डावीकडे असतो! आजी, डोळे उघडा! मेलंबिलं कोणी नाही. फोटोवाल्याने निगेटिव्हची काच उलटी ठेवून फोटो छापलाय. सगळंच उलटं आहे. खिसा उलटा, गुंड्या उलट्या, डोंगर उलटा!"

तिने फोनवर फोटो घेतला आणि बोटाने उलटवला. डोंगराची खाच सरकून आपल्या जागी जाऊन बसली, आणि घर कालव्याच्या दुसऱ्या काठावर गेलं. वीस वर्षांचा अनुभव आणि ही साधी गोष्ट सुचू नये! डोंगर खणला म्हणे!

खिम आजी त्या पडद्याकडे बघत राहिल्या. सदरा उजव्या बगलेखाली बंद झालेला, शहाण्या पोरीचा असतो तसा.

"जिवंत होती गं," त्या म्हणाल्या. "आई, जिवंत होती ती. चांगली जिवंत होती." आणि सत्तर वर्षांनी त्या घरात बोंग्योसाठी कोणीतरी हमसून हमसून रडलं.

मग त्यांनी हातरुमालाने तोंड पुसलं आणि बिल्येनला विचारलं, "पण मला तर आठवतंय ना, दारातून निघालं की ती मनोऱ्याची इमारत डाव्या हाताला."

"तुम्हाला फोटो आठवतोय, आजी. रोज बघून बघून घर पुसलं गेलं, फोटो राहिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी धरून ते तिघं कालव्यावरच्या बाजाराच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. जिथे घराचं दार होतं तिथे आता माशांच्या गोळ्यांच्या सूपची टपरी होती. मालकीण छाय, पन्नाशीची, हातात झारा. बिल्येनने भीतभीतच सगळं सांगितलं. धंद्याच्या जागी भुताचं नाव काढलं तर कोण ऐकून घेईल?

छायने झारा खाली ठेवला. "मुलगी आहे ना? लहान?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सासूबाईंनी. दुकान त्यांचं. उंबऱ्याशी कोणीतरी येऊन उभं राहतं. मी 'या, बसा' म्हणून वर बघते, तर कोणी नाही. सगळे दुकानदार पंधरवड्याला भटक्या जिवांसाठी ताट ठेवतात, तसं आम्हीही ठेवतो. पण सासूबाई म्हणायच्या, ही पोर आहे, तिला शेंगदाण्याची वडी वेगळी ठेवायची. त्या गेल्या, पण मी अजून ठेवते."

खिम आजींनी तिचे दोन्ही हात धरले. बोंग्यो उपाशी नव्हती. कोणा परक्या बाईने पोरीला वडी दिली होती, आणि सख्खी बहीण पलीकडच्या वाहनतळात हाका मारत बसली होती.

गुरुजींनी मठातून आणलेली पाटी टेबलावर ठेवली, घंटी वाजवली, नाव पुकारलं. "बोंग्यो, तू इथे आहेस का?"

ठोकळे फरशीवर आपटले. एक उताणा, एक पालथा. सूप पिणारी माणसंसुद्धा चमचा थांबवून बघू लागली.

"तुझी बहीण न्यायला आलीय. येतेस?"

दोन्ही उताणे. हसली.

"बोंग्यो, चल, तुझी पाटी तयार आहे. येतेस?"

परत दोन्ही उताणे.

"हसतेस काय?" खिम आजी संतापल्या. "सत्तर वर्षं शोधतेय तुला! सोमवारी माझी छाती फाडणार आहेत आणि तुला दात काढायला सुचतंय?"

तिसऱ्यांदाही ती हसलीच. गुरुजींनी हात टेकले. "नाही म्हणत नाहीये ती. पण येतही नाहीये. मला काही कळत नाही, आजी."

खिम आजींनी दुकानाच्या स्टीलच्या कपाटात स्वतःला पाहिलं. पांढरे केस, बोळकं, वाकलेली पाठ.

"ओळखत नाहीये ती मला," त्या म्हणाल्या. "ती आठ वर्षांच्या पोरीची वाट बघतेय. तिला वाटतंय, कुठली म्हातारी बहीण म्हणवून घेतेय माझी."

बिल्येनला वाटलं, फोटो दाखवावा, काहीतरी खूण सांगावी. पण तिचं सारं आयुष्य पडलेलं घर जिवंत माणसाला ओळखायला शिकवण्यात गेलं होतं. मेलेल्या पोरीला पडकी बहीण कशी ओळखू यावी, हे तिला ठाऊक नव्हतं.

खिम आजींनी त्या दिवशी मुद्दाम जुन्या पद्धतीचा सदरा घातला होता, कापडी गुंड्यांचा. त्यांनी काठी छायकडे दिली. गळ्याची गुंडी सोडली. सदऱ्याची कड बाजूला लोंबू दिली, हनुवटी वर केली आणि दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. सकाळी शाळेला निघालेलं पोर उभं राहतं तशा.

"ताई," त्या म्हणाल्या. "गुंडी."

गुरुजींनी ठोकळे टाकले. एक उताणा पडला. दुसरा भिरभिरत राहिला, आणि पालथा पडला.

छायने हात जोडले आणि डब्यातल्या सगळ्या वड्या एका पिशवीत बांधून दिल्या.

मठाकडे जाणाऱ्या टॅक्सीत खिम आजींनी पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. आत जीव आला की ती खाली ठेवायची नसते. डोंगराच्या वळणावर खिडकीतून वारा आत आला, त्यांचा गळा तसाच उघडा. ऑपरेशन तोंडावर आलेलं, त्यात सर्दी झाली तर? बिल्येन पुढे वाकली आणि गुंडी लावायला तिने हात घातला.

खिम आजींनी खांदा मागे ओढला. हनुवटी अजून वरच होती.

"तू हात नको लावू," त्या हळूच म्हणाल्या. "थांब जरा. तिला वेळ लागतोय. बोटं गार पडलीत तिची."