जड चाप

कार्तिकातले कोवळे, केशरी ऊन. घाटमाथ्यावरचे पिवळे, पिकले गवत. दरीतून हळूहळू वर येणारे धुके, आणि धुक्यातून हळूहळू वर येणारे आंबेखोल गाव. नाचणीची तांबूस कणसे मुठी मिटून उभी होती, भाताच्या लोंब्या सुवर्णभाराने वाकल्या होत्या, आणि त्या सुवर्णात शिरून रानडुकरांनी जागोजाग धुडगूस घातला होता.

आंबेखोलच्या जहागीरदारांकडे एक विलायती रायफल होती. श्यामलकांती, दीर्घदेही, अक्रोडी दस्त्याची. साहेब गेला, जहागीर गेली, रायफल तेवढी राहिली. पिके राखायला हवी म्हणून सरकारने परवाना राहू दिला. ऐन तारुण्यापासून ती रघोजीरावांच्या खांद्याला लागून होती, आणि तिच्याइतके लाड त्यांनी दुसऱ्या कुणाचे केले नव्हते.

गावाची एक रीत होती. ढोल-डबे बडवत हाका उठवून डुक्कर पडले, की पाटील ताट घेऊन यायचा आणि ज्या बोटाने चाप ओढला त्या बोटाला कुंकू लावायचा. कपाळाला नाही, बंदुकीला नाही, बोटाला. वर्षानुवर्षे ते बोट रघोजीरावांचे होते. त्या दिवशी ते हात धूत नसत, जेवायलासुद्धा चमचा मागत, अशी गावात थट्टा चाले. ती थट्टा त्यांना कुंकवाइतकीच प्रिय होती.

मग एका सकाळी उजवे अंग लुळे पडले. वाचा परतली, पाय परतला. हात परतला नाही. तर्जनी अर्धी वाकायची आणि गंजलेल्या कडीसारखी तिथेच अडून बसायची. रायफल खुंटीवर गेली आणि डुकरे शेतात आली.

तेव्हा रायफल उचलली मैनावतीने, त्यांच्या पत्नीने. शिकवले रघोजीरावांनीच, मोठ्या कौतुकाने, मोठ्या औदार्याने, आणि बाईमाणसाला हे काही जमायचे नाही अशी मनोमन खात्री बाळगून. तिला जमले. गेल्या हंगामात पाटलाने ताट पुढे केले ते तिच्यापुढे. हिरव्या चुड्याखालचे ते सडपातळ, सावळे बोट लाल झाले, गाव तोंड भरून बोलले, आणि रघोजीराव हसले. हसताना त्यांच्या मनात आग पेटली होती.

मत्सर, सरळ सरळ मत्सर. परक्याचा केला असता तर चारचौघांत सांगता तरी आला असता. हा आपल्याच माणसाचा, आपल्याच माजघरातला. दिवेलागणीला मैनावती त्यांचा लुळा हात मांडीवर घ्यायची, कोमट तेल लावायची, मनगटापासून नखापर्यंत रगडत राहायची. तुळशीपुढे दिवा तेवायचा, तेलाचा वास दरवळायचा, तिच्या बांगड्या संथ वाजायच्या. त्यांना तो स्पर्श हवा असायचा आणि तोच सोसायचा नाही. ज्या बोटांनी आपले सारे नेले, तीच बोटे आपली सेवा करताहेत, हे त्यांना डाचत राहायचे.

अशात यंदा, सुगीच्या तोंडावर, रायफलीचा चाप मोडला.

मूळचा चाप आता विलायतेहून येणार नव्हता. दोघे बेळगावला गेले, बस्त्याव मिस्त्रीच्या अंधाऱ्या, तेलकट, लोखंडगंधी दुकानात. मिस्त्रीने फडक्यावर दोन चाप मांडले. एक रुपेरी, नाजूक, चंद्रकोरीच्या वळणाचा; दुसरा काळा, रुंद, जाड. पहिला हलका, तो म्हणाला, नुसता विचार केला तरी सुटेल. दुसरा जड, मनगटात जोर असेल त्याचाच. मग चष्मा कपाळावर सारून त्याने विचारले, "बोट कुणाचं? चाप बोटाला बसला पाहिजे."



"आधी आपण बघावा," मैनावती हलकेच म्हणाली.

मिस्त्रीने रिकाम्या रायफलीला रुपेरी चाप जोडला, नळी मेजावर टेकवून दिली. रघोजीरावांनी तर्जनी ठेवली. ती अर्धी वाकली, अडली. पण तेवढ्यानेच भागले. खट्. किती दिवसांनी तो आवाज, तो स्वच्छ, शीतल, धातुमय आवाज! गेलेले सारे रान त्या एका आवाजातून परत आले: दवाने भिजलेली पाऊलवाट, हाक्याचे ढोल, ताटातले कुंकू. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते लपवायला ते रस्त्याकडे बघत राहिले.

मग रायफल मैनावतीने घेतली. खांद्याला लावली, श्वास रोखला. खट्. नळी केसभरही हलली नाही. मिस्त्रीने मान डोलावली, आणि असा हात आपण जन्मात पाहिला नाही, असे काहीतरी बोलून गेला. बोलला नसता तर बरे झाले असते.

कारण रघोजीरावांना पुढचे सारे दिसले. या चापाने आपण एखादे वेळी मेजावर टेकून गोळी सोडू. ही मात्र नेम म्हणून चुकणार नाही. दर हंगामाला हिचे बोट लाल होईल, आणि आपण शेजारी उभे राहून हसू. आपल्याला थोडे मिळेल हे खरे. पण हिला सगळे मिळेल. तो रुपेरी चाप त्यांना विषासारखा दिसू लागला.

"काळा बसवा," ते म्हणाले. मग घसा खाकरून, जाणत्याच्या सुरात, त्यांनी समजावले की रानात हलका चाप घातक. फांदी लागते, पाय घसरतो, भलत्याच वेळी बार उडतो. सारे खरे होते. खऱ्याच्या आड खोटे किती ऐसपैस बसते! मिस्त्रीलाही ते पटले. एकदा वहिनीसाहेबांना ओढून बघू द्या, एवढेच तो म्हणाला.

"गरज नाही."

मैनावतीने पतीकडे पाहिले, मग त्यांच्या बोटाकडे पाहिले, आणि पदर सावरला.

हाका उठला तो दिवस नितळ, निळा, निर्वात होता. खालच्या रानातून ढोल चढत आले, डबे चढत आले, माणसांच्या आरोळ्या चढत आल्या. खिंडीच्या तोंडाशी, मानाच्या जागेवर, मैनावती गुडघा टेकून बसली होती. मागे हिरड्याखाली खडकावर रघोजीराव बसले होते. हातात काठी होती, ओठावर देवाचे नाव होते, आणि मनात एकच मागणे होते: चुकू दे. जड चापाशी झगडताना नळी हलू दे, गोळी रानात जाऊ दे, एकदाच हिचे बोट कोरे राहू दे.

कारवीची झुडपे थरथरली. काळे, धुळीने माखलेले, सुळ्यांचे डुक्कर खिंडीत आले, थबकले, आणि वळले ते थेट तिच्यावर.

हे त्यांनी मनात धरलेच नव्हते. डुक्कर पळेल, हिची फजिती होईल, गाव नाक मुरडेल. त्यांचा मत्सर तेवढाच दूरवर पाहणारा होता. आता त्यांना तो काळा, रुंद चाप दिसला, त्यावरचे सावळे बोट दिसले, आणि दोन्हींमध्ये आपले दुष्टपण दिसले. ओरडायला तोंड उघडले.

बार झाला. दरीने तो घेतला, पलीकडच्या कड्याला दिला, कड्याने परत केला. धूर विरला तेव्हा डुक्कर तिच्यापुढे आडवे पडले होते, आणि मैनावती तशीच, गुडघा टेकून, निश्चल होती. रघोजीरावांना हायसे वाटले. आणि लाज वाटावी इतक्या लवकर, त्या सुटकेमागून, ती जुनी आग परत आली.

पाटील ताट घेऊन आला. गाव गोळा झाले. मैनावतीचे बोट कुंकवात बुडाले, आणि ते तसेच उचलून ती गर्दीतून वाट काढत खडकापाशी आली.

"दुकानातच ओळखलं मी," ती म्हणाली.

आपले पाप उघडे पडले, असे रघोजीरावांना वाटले.

"हलका चाप आपल्या बोटानं ओढला होता. डोळे भरून आले होते आपले, मी पाहिलं. तरी तो सोडलात आणि माझ्या हाताला शोभेल असा घेतलात." ती किंचित हसली. "या बोटांत एवढं बळ आहे, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक? रोज आपलाच तर हात रगडतात ती."

सांगावे, असे त्यांना वाटले. आत्ताच, सगळ्यांदेखत, खरे काय ते सांगून टाकावे. शब्द ओठांपर्यंत आले. गाव पाहत होते, ती पाहत होती, आणि तिच्या नजरेत आपण किती मोठे दिसतो आहोत हे रघोजीराव पाहत होते. ते गप्प बसले.

मैनावतीने त्यांचा लुळा हात सवयीने आपल्या तळहातावर घेतला. आपल्या बोटाचे कुंकू त्यांच्या तर्जनीला लावले, हळुवार, अगदी नखापर्यंत. ढोल वाजू लागले, माणसे डुकराकडे वळली, तीही वळली.

त्यांनी मूठ मिटली. अंगठा मिटला, करंगळी मिटली, बाकीची बोटे कशीबशी मिटली. तर्जनी अर्धी वाकली आणि अडली. पिवळ्या गवतात, केशरी उन्हात, ते एकच बोट बाहेर राहिले. लाल, लाल, आणि झाकता न येणारे.