चांदीचा काळा डाग

उजव्या पायाचा अंगठा राहणार की जाणार, हे शुक्रवारी ठरायचं होतं. बूट चावल्याचं निमित्त झालं, साखरेचा आजार जुना. जखम बरी व्हायचं नाव घेईना. गोळ्या बदलून झाल्या, पण जंतूंनी एकीलाही भीक घातली नाही. शेवटी सर्जन म्हणाले, "आता चांदीची पट्टी लावून पाहू. तिनेही फरक पडला नाही, तर अंगठा काढावा लागेल."

पट्टी बदलायला सिस्टर घरी येत. एरवी माझ्याकडे कोणी येत नाही. त्यांच्यासाठी मी दाराची कडी सकाळीच काढून ठेवायची.

नातीने फोनवर विचारलं, "आजी, चांदी म्हणजे तुझ्या वाटीची?"

"तीच गं. पण कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो ओळीने उभे राहतील. ओलाव्यात त्यांतली चांदी हळूहळू सुटते. गोळी जंतूला बहुधा एकाच ठिकाणी टोचते. लबाड तेवढी जागा झाकायला शिकतो. चांदी चहूकडून झोंबते. कुठे कुठे झाकेल?"

"मग तो रडतो?"

"रडायला सवड कुठली!"

ती हसली. मागून तिच्या आईने हाक मारली आणि फोन बंद झाला. फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टीची कड उचलून पाहिली, तर अंगठा काळा! माझ्या आईचा पाय असाच काळा पडला होता. पुढे तो कापावा लागला. विचारायला जवळ कोणी नाही. पट्टी काढून कचऱ्यात टाकली, कोमट पाण्यात मूठभर मीठ घातलं आणि पाय बुडवून बसून राहिले.

सिस्टर आल्या त्या दारातच थबकल्या. "काकू, हे काय?"

"मीठ."

"जखमेवर मीठ ही म्हण आहे हो, औषध नव्हे! मीठ चांदीला धरून ठेवतं, मग ती कामच करत नाही. धुवायला साधं उकळून गार केलेलं पाणी सांगितलं होतं ना?"

"सडलाय ना तो?"

त्यांनी पाय मांडीवर घेतला, वाकून पाहिलं. "सडलं असतं तर वास आला असता. आत बघा, गुलाबी आहे. वरचं काळं म्हणजे चांदीचा डाग."

चांदीचा डाग. आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. फोटोच्या रसायनांतही चांदीच असते. अंधाऱ्या खोलीतून फोटो धुवून बाहेर आले की बोटांची टोकं अशीच काळी. किती लिंबं घासली मी त्या बोटांवर! "काळ्या हाताने ताटाला शिवू नका," म्हणायची. ते मुद्दाम माझ्या गालाला बोट लावत.

सिस्टरनी नवी पट्टी बांधली.

शुक्रवारी सर्जननी अंगठा दाबून पाहिला. "राहू द्या याला," म्हणाले. मला तिथेच रडू आलं.

पुढे जखम भरली. सिस्टरचं येणं थांबलं. कडी मात्र मी अजून सकाळीच काढते.

"आजी, डाग गेला?" नात विचारते.

"नवी कातडी येतेय, तसा फिका होतोय."

"साबणाने घास ना!"

"घासते गं. उद्या."