निळी चिंधी

अॅम्प्लिफायरच्या मागे वाकून जानरावने निळी चिंधी बांधलेला वीतभर वायरीचा तुकडा उपसला, खिशात घातला आणि त्या जागी दुसरा, बिनचिंधीचा लावला. कुणाचं लक्ष नव्हतं. केनवडच्या मांडवात दुपारी जेमतेम वीस-पंचवीस माणसं होती. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम संध्याकाळी होता, पण त्याआधी इंद्रभानच्या गायन पार्टीत एक निकाल लागायचा होता. पार्टीला नागपूरच्या रेडिओचं बोलावणं आलं होतं. ढोलकीवर जुना देवमन जाणार की नवा खेमा? दोघांनाही माइकवर वाजवू द्या, असं देवमननेच सुचवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

ढोलकीच्या दोन तोंडांना दोन माइक लावले की एक भानगड होते. थाप पडली की एक कातडं आत जातं आणि त्याच वेळी दुसरं बाहेर येतं. दोन माइक एकमेकांच्या उलट बोलतात आणि घुमारा, म्हणजे ढोलकीचा भरदार घुमता नाद, खाऊन टाकतात. स्पीकरमधून उरते ती टकटक. उपाय सोपा आहे. एका माइकच्या दोन तारा अदलाबदल करून जोडायच्या. अकोल्याला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जानराव हे शिकला होता. चिंधीचा तुकडा तो उलट्या तारांचा. हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

देवमन त्याचा उस्ताद. चौदा वर्षांपूर्वी किन्हीराजात, भर कार्यक्रमात, त्याने जानरावच्या मांडीवरून ढोलकी उचलून घेतली होती. याच्या हातात घुमारा नाही, याने वायरी जोडाव्या, असं म्हणाला होता. सगळं गाव हसलं. जानरावने मुकाट्याने वायरी जोडल्या. लोक त्याला वायऱ्या म्हणू लागले आणि तो ओ देऊ लागला. पण विसरला मात्र काही नाही.

इंद्रभान मांडवाच्या पार शेवटी, स्पीकरपाशी जाऊन उभा राहिला. देवमनने थाप मारली. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज आला. त्याने चमकून स्पीकरकडे पाहिलं, मांडी सावरली, आणखी जोरात मारलं. मग आणखी जोरात. मागून कुणीतरी हसलं. जानराव बघत होता आणि त्याला बरं वाटत होतं. देवमनचं बोट फुटलं तेव्हाही त्याला बरंच वाटलं.

खेमा बसायच्या आत जानरावने चिंधीचा तुकडा परत लावला. खेमाच्या पहिल्याच थापेला मांडवाचे बांबू थरथरले. इंद्रभानने दुसरा ठेका ऐकलाही नाही. खेमाच येईल, एवढंच म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

देवमन ढोलकी घेऊन अॅम्प्लिफायरपाशी आला. बोटातून रक्त गळत होतं.

“मांडीले तं घुमारा लागून राह्यला होता रे. मंग तिकडून काहून नाई आला?”

“मांडी तुमची हाय, उस्ताद. कान लोकायचे हायत.”

देवमनने मान हलवली.

“किन्हीराजाले तुया हात चांगला होता,” तो म्हणाला. “लोकं तुलेच पाह्यत होते. मले सहन नाई झालं. आज समजलं, कसं लागते ते.”

इंद्रभान दहा पावलांवर चहा पीत होता. एक हाक पुरली असती. जानरावच्या घशाशी ती आलीही, पण त्याला चौदा वर्षं आठवली आणि त्याने ती गिळली. वायरीची निळी चिंधी सोडून त्याने तिनेच देवमनचं बोट गच्च बांधलं.

“तूच एक खरं बोलला,” देवमन म्हणाला. “बाकीचे तोंडावर गोड बोलतीन. हे तू ठेव आता. माह्या कामाची नाई.”

त्याने ढोलकी जानरावच्या मांडीवर ठेवली आणि बांधलेलं बोट छातीशी धरून मांडवाबाहेर गेला.

जानरावने हळूच एक थाप मारली. घुमारा थेट मांडीत उतरला. त्याने घाईघाईने कातड्यावर तळहात दाबला.