आतली हवा

सम्यकने पुढच्या सीटचा पट्टा वडिलांच्या अंगावरून ओढून लावला, एसीचं आतल्या हवेचं बटण दाबलं आणि मगच गाडी घाटकोपरच्या एका सोसायटीच्या गेटसमोर आणून उभी केली. गेटपाशी साठीच्या एक बाई कापडी पिशवी घेऊन थांबल्या होत्या. मोबाइलवर नाव आलं होतं शुभा, आणि जायचं होतं मुलुंडला.

बाई मागे बसल्या. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष पुढच्या पांढऱ्या केसांकडे गेलं.

"हे कोण?"

"वडील आहेत मॅडम. चेकअपला सोडायचंय, वाटेतच आहे. चालेल ना तुम्हाला?"

हे वाक्य गेल्या नऊ दिवसांत त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की आता जीभ अडखळतही नव्हती. खरं म्हणजे आबांना कुठेच सोडायचं नव्हतं. सकाळी नऊला ते त्याच्याबरोबर निघत आणि संध्याकाळी सातला त्याच्याबरोबर घरी परतत. मधला सगळा वेळ ते या सीटवर बसून श्वास घेत, आणि त्यासाठीच त्यांना आणलेलं होतं.

सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिनाची घरघर एकदम गेली.

"बंद पडली का हो?"

"नाही मॅडम, हायब्रिड आहे. थांबली की इंजिन आपोआप बंद होतं. एसी बॅटरीवर चालू राहतो."

"आता बॅटरी एकटी ओढणार," समोरच्या स्क्रीनवरचे बाण बघत आबा म्हणाले. "पुढे चढ आला ना, की मग दोघं मिळून ओढतील. समजूतदार आहेत दोघं."

बाई हसल्या. सम्यकही हसला, पण त्याचा एक कान आबांच्या छातीकडेच होता. छाती शांत होती.

आबांचं नाव अंबादास. जन्म जालन्याकडचा, सगळी नोकरी महापालिकेत सफाई खात्यात गेली. घाटकोपरची पाइपलाइनजवळची खोली पाडली गेली आणि बदल्यात माहुलला घर मिळालं. सात मजली इमारत, दुसरा मजला, खिडकीतून तेलाच्या टाक्या दिसायच्या. वास असा की सुरुवातीला आलेले पाहुणे चहा न घेताच उठले. आबांचा खोकला तिथे गेल्यावर सुरू झाला आणि मुक्कामालाच राहिला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तोंडात मारायचा पंप दिला, आणि शेवटी म्हणाले, हवा बदला. जशी काही हवा म्हणजे शर्टच! दुसरीकडे जाऊन राहणं सम्यकच्या आवाक्यात नव्हतं. हे त्याने बायकोला कधी सांगितलं नाही, कारण तेजलला ते न सांगताच माहीत होतं.

आबा तक्रार करणाऱ्यांतले नव्हतेच. आधी सम्यककडे एक जुनी सीएनजी गाडी होती. सुरू केली की अख्ख्या गल्लीला कळायचं. तेव्हा एकदा तेजल म्हणाली होती, "तुझ्यासमोर खोकला दाबून धरतात रे ते. गाडीचा आवाज कोपऱ्यावर गेला की मग सुटतात. अर्धा अर्धा तास." त्या दिवशी सम्यकला जेवण गेलं नव्हतं.

मग मालकाने ही नवी गाडी चालवायला दिली. आबा पहिल्या दिवशी म्हणाले, "ही उभी आहे की गेली, वरून कळतच नाही रे." सम्यकला ते गाडीचं कौतुक वाटलं होतं.

एका दुपारी तो जेवायला घरी आला असताना आबांना सहज गाडीत बसवलं. काचा वर, आतली हवा आतच. दोन तास आबा खोकले नाहीत. चक्क झोपले. मग सम्यक रोज दुपारी घरी येऊ लागला. गाडी इमारतीखाली लावायची आणि आबांना झोपू द्यायचं. बॅटरी उतरत आली की इंजिन आपलं आपण सुरू व्हायचं आणि आबा दचकायचे. म्हणून सम्यकने त्यांना एकदा दाखवून ठेवलं, की उभ्या गाडीत नुसता ॲक्सिलरेटर दाबला तरी ते असंच जागं होतं, घाबरायचं काही नाही.

आठवड्याने कुंडलिकचा फोन आला. मालकाच्या बारा गाड्या तो सांभाळायचा. "रोज दोन तास एकाच जागी गाडी उभी, वर पेट्रोल जळतंय. सम्यक, गाडी आहे की खोली आहे रे तुझी?"

तेव्हापासून आबा भाड्याबरोबर फिरू लागले.

विक्रोळी मागे पडली तेव्हा शुभाताईंनी पुढे वाकून विचारलं, "चेकअप कसलं?"

"छातीचं," सम्यक म्हणाला.

"मग आधी त्यांना सोडा. मी बहिणीकडे चाललेय, मला काही घाई नाही."

"नाही मॅडम, तुम्हाला सोडून मग जाऊ आम्ही."

"अहो, पेशंटला ताटकळत ठेवून मी आधी उतरू? कुठलं हॉस्पिटल?"

आता आली का पंचाईत. बाई खडूस असत्या तर बरं झालं असतं, दोन शब्द ऐकून घेतले असते. भल्या माणसापुढे काय करणार? आबांनीच काचेबाहेर बोट केलं. "तेच की समोर. इथेच घे गाडी."

समोर खरंच एक हॉस्पिटल होतं. आबा उतरले, शुभाताईंना नमस्कार केला आणि ज्या दारातून आयुष्यात कधी गेले नव्हते त्या दाराकडे रुबाबात चालू लागले. सम्यकला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

"देवमाणूस आहेत हो तुमचे वडील," शुभाताई म्हणाल्या. "आणि तुम्हीही. आजकाल कोण करतं एवढं?"

बहिणीचं घर दहा मिनिटांवर होतं. परतताना मात्र पुलाखाली ट्रॅफिक अडकला आणि पाऊण तास गेला. तो पोहोचला तेव्हा आबा गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला, सिक्युरिटीच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बसचा धूर तोंडावर येत होता. ते दोन्ही हातांनी गुडघे धरून खोकत होते आणि वॉचमन पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभा होता.

"आत का नाही बसलात?"

"आत नंबर लावायला सांगत होते." आबांनी दम घेतला. "हा जालन्याचाच निघाला बघ. जयभीम घातला, लगेच खुर्ची दिली."

गाडीत बसल्यावर खोकला थांबायला बराच वेळ लागला. सम्यकने त्यानंतरचं एक भाडं सोडून दिलं आणि झाडाखाली गाडी उभी करून नुसता बसून राहिला. त्याला माफी मागायची होती, पण ती कुणाची आणि कशाबद्दल, हे त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडलिकचा फोन आला. मोबाइल गाडीला जोडलेला होता, त्यामुळे आवाज चारी बाजूंनी आला.

"सम्यक, तुझी तारीफ आलीय रे."

"कसली?"

"शुभा म्हणून कोण पॅसेंजर होती काल? पाच स्टार दिलेत, वर एवढं मोठं लिहिलंय. ड्रायव्हर आजारी वडिलांना पुढच्या सीटवर घेऊन फिरतो, त्यांची काळजी घेतो, अशा मुलाचा सत्कार करा. सत्कार राहिला बाजूला. ॲपवाल्यांचा मेसेज आलाय, पॅसेंजर असताना गाडीत दुसरा माणूस चालत नाही. पुन्हा कळलं तर आयडी बंद."

"त्यांना इथे त्रास होत नाही रे. सीटवर गप बसलेले असतात."

"मला कळत नाही का? माझी आई पण तुझ्याच मागच्या बिल्डिंगमध्ये राहते. माझ्या हातात काय नाय, यार. आयडी गेला की गाडी गेली. मग तू काय खाणार आणि त्यांना काय घालणार?"

फोन ठेवला गेला. सम्यकने शेजारी बघितलं. आबांची मान काचेकडे कलली होती, डोळे मिटलेले होते, तोंड किंचित उघडं होतं. झोपलेत, बरं झालं, असं त्याला वाटलं. रात्री कसं सांगायचं याचे शब्द तो संध्याकाळपर्यंत जुळवत राहिला आणि रात्री त्यातला एकही बोलला नाही.

सकाळी नऊ वाजले. तेजल कामावर गेली होती. एरवी आबा याआधीच चप्पल घालून दारात उभे असायचे. आज ते खिडकीजवळच्या खाटेवर पेपर उघडून बसले होते.

"चला ना आबा."

"आज मी नाय येत." आबांनी पान उलटलं. "रोज रोज बसून पाठ धरली माझी. आणि आज हवा पण चांगली आहे बघ."

खिडकीतून तोच वास आत येत होता. कालच्यापेक्षा जरा जास्तच.

"आबा, काल फोनवर..."

"कसला फोन? मी झोपलो होतो." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडापाशी नेला, क्षणभर धरला आणि खाली घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते. "जा बाबा, सकाळची भाडी निघून जातील."

सम्यकने पंप त्यांच्या उशापाशी ठेवला. पाण्याचा तांब्या भरून ठेवला. खिडकी लावून घेतली, तर आतला कोंडलेला वास वेगळाच, म्हणून पुन्हा उघडली. आणखी काय करायचं ते त्याला सुचेना. तो खाली आला.

गाडीत बसून त्याने बटण दाबलं. स्क्रीन उजळली. आवाज काहीच झाला नाही.

त्याची काच खाली होती. वर दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी त्याला दिसत नव्हती, की तिथून गाडी दिसत नव्हती, पण तिथून काही ऐकू येत नव्हतं एवढं नक्की. पेपराचीही सळसळ नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. शेजारची बाई बादली घेऊन गेली. वर अजून शांतता होती. मग त्याच्या लक्षात आलं, आबा वाट बघत आहेत. टॉवेल तोंडावर घट्ट धरून, गाडी गेल्याचा आवाज यायची वाट बघत आहेत, आणि या गाडीचा तो आवाज येणारच नाही.

सम्यकने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन जागं झालं. त्याने पाय उचलला नाही, आणखी दाबला. दोन इमारतींच्या मधल्या बोळात आवाज घुमला. बादलीवाली बाई वळून बघायला लागली. मग त्याने जोरात गाडी काढली आणि जुन्या सीएनजीसारखा गोंगाट करत कोपऱ्यापर्यंत नेली.

कोपऱ्यापलीकडे भिंतीला लागून त्याने ती थांबवली. इंजिन आपोआप बंद झालं.

मागून, वरून, खोकला सुरू झाला होता. मोकळा, मोठा, न थांबणारा.

मोबाइल वाजला. चेंबूरचं भाडं होतं, चार मिनिटांवर. सम्यकने ते घेतलं. सवयीने त्याने आतल्या हवेचं बटण दाबलं, शेजारच्या सीटवरचा सुटा पट्टा बघितला आणि ते परत बंद केलं. काच तशीच उघडी ठेवून तो निघाला.