कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, मला डोळ्यांना लावाल तेव्हा डाव्या भिंगात जरा नीट बघा. तिथे एकाखाली एक अशा बारीक आडव्या रेघा दिसतील. ओरखडे नाहीत ते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आजवर भेटलेल्या प्रत्येकाने मला पहिल्यांदा तोच प्रश्न विचारला आहे आणि आता मला त्याचा कंटाळा आला आहे. मी समुद्रावरची एक म्हातारी दुर्बीण. माझ्या रबरी अंगावर मीठ बसून पांढरे डाग पडलेत, पट्टा दोनदा बदललाय, पण नजर अजून शाबूत आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझी भिंगं दिवस दिवस घासली, मग आत दमटपणा राहू नये म्हणून कोरडा वायू भरून मला कायमचं बंद केलं. तिथून मी सिॲटलला, होड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात आले. २००१ साली देवदत्त नावाचे गृहस्थ तिथे आले. मूळचे पुण्याचे, सिॲटलशेजारच्या बेलव्ह्यूला घर आणि सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. मुलीच्या सोळाव्या वाढदिवसाला त्यांना दुर्बीण हवी होती. मला डोळ्याला लावून ते म्हणाले, "हिला स्क्रॅचेस आहेत, दुसरी दाखवा." घ्या. सुरुवातच अशी.

दुकानदाराने त्यांना समजावलं ते तुम्हालाही सांगते. सगळ्यात वरची रेघ क्षितिजावर ठेवायची आणि पाण्यातली होडी किंवा मासा किती रेघा खाली आहे ते मोजायचं. जितक्या जास्त रेघा, तितकी ती वस्तू जवळ. पण एक अट आहे. बघणारा पाण्यापासून किती उंच उभा आहे हे माहीत पाहिजे. उंची बदलली की त्याच रेघांचं अंतर बदलतं. म्हणून माझ्याबरोबर एक कार्ड असतं, त्यावर उंचीप्रमाणे कोष्टक छापलेलं असतं. मी फक्त रेघा दाखवते. अंतर सांगायचं काम कार्डाचं.

देवदत्तांच्या मुलीचं नाव सुलेखा. अमेरिकेत जन्मलेली, घरात मराठी बोलणारी, बाहेर इंग्रजी. व्हेलमाशांचं तिला वेड होतं. आणि देवदत्तांना वेड होतं पाठांतराचं. मुलीला शाळेत सोडताना गाडीत त्यांनी तिच्याकडून तीसपर्यंतचे पाढे मराठीतून म्हणवून घेतले होते. माझं कार्ड हाती पडल्यावर दुसरं काय होणार? सुलेखाने आठवड्याभरात कार्डाच्या पुढच्या बाजूचं, पंधरा मीटर उंचीचं कोष्टक पाठ केलं. पाहुणे आले की देवदत्त तिला गॅलरीत बोलावून म्हणायचे, "विचारा, कुठलीही रेघ विचारा." ती धडाधड अंतर सांगायची आणि काका-काकू तोंडात बोटं घालायचे. मीही फुशारून जायचे. खोटं कशाला बोलू?

सुलेखा जीवशास्त्र शिकली आणि २००८ च्या उन्हाळ्यात तिला नोकरी लागली. अलास्काच्या वायव्येला चुकची समुद्र आहे, वर्षातले बरेच महिने बर्फाखाली असतो. त्याच्या तळाखाली तेल असेल अशी अनेकांना आशा होती. आमचं जहाज ते शोधायला निघालं होतं. जहाजामागे हवेच्या बंदुका ओढत न्यायच्या, दर दहा सेकंदांनी त्यातून दाबलेली हवा पाण्यात सोडायची. मोठा धडाका होतो. तो आवाज तळाच्या आत जाऊन परत येतो, तो लांबलचक केबलने टिपायचा आणि त्यावरून खालच्या खडकांचा नकाशा काढायचा. खडकांना जिथे पालथ्या वाटीसारखा बाक असेल तिथे तेल अडकलेलं असू शकतं.

पण ज्या पाण्यात हा धडाका होतो त्याच पाण्यात व्हेल राहतात आणि त्या कानांवरच जगतात. आईला पिल्लू सापडतं ते आवाजाने. म्हणून जहाजावर नियम होता. व्हेल एक किलोमीटरच्या आत आली की निरीक्षकाने रेडिओवर "स्टॉप" म्हणायचं. आधी बंदुका बंद, मग प्रश्न. कॅप्टनसुद्धा त्या शब्दाला आडवा जाऊ शकत नव्हता. आमच्या सुलेखाचं काम तेच होतं, आणि माझंही.

जहाजावर दोन माणसं तिची झाली. एक रवींद्रकाका. नागपूरचे, ह्यूस्टनला राहणारे भूशास्त्रज्ञ. समुद्राखालच्या खडकांच्या अशाच एका बाकावर ते चार वर्षं डोळे लावून बसले होते. जुने नकाशे जोडून जोडून त्यांनीच ती जागा शोधली होती आणि तिच्यावरून जहाज बंदुका ओढत एका शेवटच्या लांब रेषेत गेलं की त्यांचा नकाशा पुरा होणार होता. माणूस लाघवी. जेवणाच्या टेबलावर चिवड्याचा डबा उघडून तिला म्हणायचे, "घे पोरी, इथल्या सुपाने तुझा जीव जाईल."

दुसरे वॉरन. अलास्कातल्या बॅरो गावचे, तिथल्या मूळच्या इनुपियाक समाजाचे, साठीच्या पुढचे. त्यांच्या गावात व्हेलची शिकार करतात आणि ती घरोघर वाटून खातात, पिढ्यान्‌पिढ्या. गावाच्या वतीने तेही निरीक्षक होते, पण रेडिओ ज्याची पाळी असेल त्याच्याच हातात असे. सुलेखा त्यांना नुसतं वॉरन म्हणायची, मी मनात वॉरनकाका म्हणत असे. ते मला क्वचितच हातात घेत. डोळ्यांवर आडवा हात धरायचा आणि बघायचं, एवढंच त्यांचं.

सप्टेंबरचा मधला आठवडा होता. उत्तरेकडून बर्फ सरकायला लागला होता आणि रवींद्रकाकांची ती शेवटची रेषा त्या दिवशी दुपारी सुरू झाली. सुलेखा आणि मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत. तिथून पाणी पंधरा मीटर खाली. तेवढ्यात धुकं आलं. पण ते पाण्यापासून जरा उचललेलं होतं. वॉरनकाका म्हणाले, "खालच्या डेकवर जाऊ या. तिथून धुक्याखालून दिसेल." दोघं खाली उतरले आणि खरोखरच क्षितिजापर्यंत समुद्र दिसायला लागला.

थोड्या वेळाने उजवीकडे फवारा उडाला, मग शेजारी एक छोटा फवारा. व्हेलची मादी आणि तिचं पिल्लू. सुलेखाने मला उचललं, वरची रेघ क्षितिजावर ठेवली. मी दोन रेघा दाखवल्या. बरोबर दोन. "दोन रेघा, सव्वा किलोमीटर," ती म्हणाली. "हद्दीच्या बाहेर आहेत."

वॉरनकाका म्हणाले, "जवळ आहेत."

"नाही वॉरन, मला टेबल पाठ आहे."

"पोरी, मी जन्मभर व्हेल बघतोय. त्या जवळ आहेत."

बंदुका चालूच होत्या. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते. सुलेखाला पाठ होतं ते कोष्टक ब्रिजचं होतं, पंधरा मीटरचं. आम्ही उभे होतो सात मीटरवर. त्या उंचीचं कोष्टक कार्डाच्या मागच्या बाजूला होतं आणि कार्ड तिच्या खिशात होतं. पाठ असलेल्या माणसाला कार्ड काढायची गरज वाटत नाही. मी एकेक धडाका मोजत होते. सतरा झाले. मग वॉरनकाकांनी तिच्या दंडाला हात लावला आणि खाली पायांकडे बोट दाखवलं. तिने कार्ड काढलं, उलटलं. दोन रेघा, सहाशे मीटर.

"स्टॉप," ती रेडिओवर म्हणाली. बंदुका थांबल्या.

नंतर ती मला डोळ्यांवरून काढायलाच तयार नव्हती. मादी पुन्हा वर आली. एकटीच. ती एकाच जागी फिरत राहिली, खाली जायची आणि तिथेच वर यायची. छोटा फवारा काही दिसला नाही. मग धुकं पाण्याला टेकलं.

संध्याकाळी ती नोंदवही घेऊन बसली. निरीक्षक कुठे उभा होता, असा त्यात एक रकाना असतो. रवींद्रकाका समोर येऊन बसले. चिवड्याचा डबा त्यांनी आणला होता, पण उघडला नाही.

"ब्रिज लिही," ते हळूच म्हणाले. "दोन रेघा, ब्रिज. मग तू नियमाने वागलीस. आणि उद्या आपण रेषा पुरी करू."

"आणि डेक लिहिलं तर?"

"तर चौकशी होईल. काम थांबेल, तोवर बर्फ येईल. माझी चार वर्षं जातील, बेटा. तुझी नोकरी पण जाईल." ते वाईट मनाने बोलत नव्हते, म्हणून ते ऐकणं जास्त जड होतं. "व्हेल तर निघून गेली ना."

"पिल्लू दिसलं नाही, काका."

"म्हणजे ते मेलं असं नाही."

"माहीत नाही मला. कोणालाच माहीत नाही. पण मी कुठे उभी होते ते मला माहीत आहे."

तिने लिहिलं, 'खालचा डेक, सात मीटर. कोष्टक चुकीचं वापरलं. हद्दीच्या आत सतरा धडाके.' मी टेबलावर तिच्या कोपराशीच होते. वॉरनकाका दारात उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "खाली चल असं मीच म्हटलं होतं. माझंही नाव लिही." तिने लिहिलं.

चौकशी झाली आणि बर्फ आला. त्या नकाशात रवींद्रकाकांच्या बाकावर एक पांढरी पट्टी राहून गेली. खाली तेल आहे की नाही, ते मी सांगू शकत नाही. मला पाण्याच्या वरचंच दिसतं. सुलेखाला पुढच्या हंगामाला बोलावणं आलं नाही. कुणी असंही म्हणालं की दुर्बीणच जुनी होती. नाचता येईना अंगण वाकडं. पण सुलेखाने तसं एकदाही म्हटलं नाही आणि त्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

जहाज बंदराला लागायच्या आदल्या सकाळी मात्र एक गोष्ट घडली. रवींद्रकाका खालच्या डेकवर आले. त्यांनी दोरीला वजन बांधून पाण्यापर्यंत सोडलं, उंची मोजली आणि लाल रंगाचा डबा घेऊन कठड्यावर मोठ्या आकड्यात '७' लिहिलं. मग जिना चढून गेले आणि ब्रिजच्या कठड्यावर '१५' लिहिलं. जाताना चिवड्याचा डबा सुलेखाच्या बॅगेवर ठेवून गेले.

बेलव्ह्यूला परतल्यावर मी गॅरेजमध्ये गेले, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्याशेजारी. पट्ट्याला बुरशी आली. राग आला नाही, पण वाईट वाटलं. मला बघितलं की तिला ते पाणी दिसत असणार, हे मला कळत होतं.

डिसेंबरात एका रविवारी देवदत्तांनी मला बाहेर काढलं. पुसलं आणि मुलीला घेऊन समुद्रकाठच्या टेकडीवर गेले. दूर पाण्यात काहीतरी काळं हललं. देवदत्तांनी मला तिच्या हातात दिलं आणि सवयीने म्हणाले, "किती रेघा? सांग पटकन."

मित्रांनो, माझी काळजी घ्या, भिंगावर बोटं लावू नका, मीठ पुसा, हे सगळं आहेच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. जे पाठ आहे असं वाटतं, ते एकदा उलटून बघत जा. आणि बघायच्या आधी आपले पाय कुठे आहेत ते बघा.

सुलेखाने मला डोळ्यांना लावलं. मी तीन रेघा दाखवल्या. "थांबा बाबा," ती म्हणाली, "ही टेकडी पाण्यापासून किती उंच आहे ते आधी शोधू या." आणि तिने खिशातून कार्ड काढलं.