आई कुणाच्या फोनात?

आईच्या दंडावरचं ते साखर मोजणारं पांढरं बटण... भोवतीच्या चिकटपट्टीची कड एका बाजूनं सुटलेली — भावजयीऐवजी आपण लावलं असतं तर अशी सुटली नसती, लेकीला वाटलं.

खरं तर बटण आणलं तिनंच. औषधाच्या दुकानात उभं आयुष्य काढलेली ती. आईच्या साखरेवर लक्ष राहावं म्हणून त्याचं मान्यता असलेलं अ‍ॅपही तिनंच आईच्या फोनवर घातलं. फोन बटणाला टेकवला की आकडा दिसतो, हे आईला किती वेळा शिकवलं! आणि धाकट्या भावजयीनं कुठूनसं एक भलतंच अ‍ॅप आईच्या नि स्वतःच्या फोनात उतरवून घेतलं. ना शिक्का, ना परवानगी; फोन टेकवायचीही गरज नाही. आईची साखर आपोआप हिच्या फोनात. भाजी चिरताना, बसमध्ये, कामावर... आई सदा हिच्या पर्समध्ये!

"आकडा चुकला तर? इन्सुलिन त्यावर ठरतं. जबाबदार कोण?" तिनं मागे विचारलं होतं. प्रश्न रास्तच होता. फक्त तो विचारताना पोटात जे जळत होतं, ते निराळं होतं.

दुपारी ती आईजवळ बसली होती. आई खुर्चीत पेंगत होती, निदान तिला तसं वाटलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन किंचाळला आणि भावजय ओल्या हातांनीच धावत आली.

"ताई, आईंची साखर उतरतेय! उठवा त्यांना!"

"झोपलीय गं ती. काहीतरीच दाखवतं तुझं ते..."

तरी तिनं आईचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. खोटं ठरू दे — एकदाच, देवा, खोटं ठरू दे — आणि आईचा हात तिच्या हातात गार, घामानं चिकट... या हाताला खेटून आपण मघापासून बसलो होतो!

बावन्न. भावजयीच्या फोनात पंचावन्न.

हाक मारल्यावर आईनं ओ दिली. भावजयीनं साखरपाणी घोटघोट पाजलं. हळूहळू आईच्या डोळ्यांत ओळख आली.

"वाटलंच मला, तू येशील," आई म्हणाली. भावजयीकडे बघून.

"तुमच्या फोनवरही घालून देऊ का, ताई?" थोड्या वेळानं भावजयीनं विचारलं. आवाजात जिंकल्याचा लवलेश नव्हता. निदान तेवढा तरी असायला हवा होता.

तिनं फोन पुढे केला. पडद्यावर सूचना आली : हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणचे आहे, धोका असू शकतो, पुढे जायचे का? बरोबरच आहे. गिऱ्हाइकांना आपण हेच तर सांगतो. आज खरं निघालं म्हणून रोज निघेल थोडंच? कधीतरी चुकेल... चुकेलच... आणि मग—

त्या 'मग'पाशी ती अडखळली. त्यात भीती शोधू लागली, सापडेना. होतं ते नुसतं त्या चुकीची वाट पाहणं.

"घालू ना, ताई?"

"थांब जरा," ती म्हणाली. भावजयीला की स्वतःला, ते तिचं तिलाच उमगलं नाही.