रुमालावर उतरलेला रोग

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दीडशे माणसं श्वास रोखून एका पोटाकडे बघत होती. पोट माझ्या आत्याचं होतं.

रुमालवाल्यांनी (सगळे त्यांना याच नावाने ओळखत) तिच्या बेंबीखाली बोटाने ‘शोधकजल’ लावलं, पंख्याखाली ते वाळू दिलं आणि पिवळसर, वासाच्या पाण्यात भिजवलेला रुमाल वर ठेवला. तोंड एकीकडे चालूच होतं. मशीन रोगाचा फोटो काढतं, रोग काढत नाही. सुई टोचली की तो चवताळतो, सलाईन लावलं की दडून बसतो, रुमालाला मात्र लाजून आपणहून वर येतो. मग त्यांनी रुमाल उचलला. मधोमध मसुराएवढा काळा ठिपका. पहिल्या आठवड्यात तो बशीएवढा होता, दुसऱ्या आठवड्यात नाण्याएवढा. टाळ्या पडल्या. पुढच्या वेळी रुमाल कोरा निघेल, असं त्यांनी जाहीर केलं. तोवर हॉस्पिटलची पायरी चढायची नाही.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या पिशवीत हॉस्पिटलची चिठ्ठी होती: कॅन्सरच्या औषधाचं पहिलं सलाईन, उद्या सकाळी नऊ. अशा दोन तारखा आधीच हुकल्या होत्या.

चूक माझी होती. मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. गाठीचे केसाहून पातळ काप काचेवर घेऊन रंगवते. आत्याच्या मोठ्या आतड्यातली गाठ दुर्मिळ जातीची निघाली. काचेवर रंगाने उमटणाऱ्या दोन खुणांनी पेशींचं कूळ कळलं, तिसऱ्या खुणेने वेग. शंभरातल्या ऐंशी पेशी तपकिरी झाल्या, म्हणजे ऐंशी पेशी विभागण्याच्या मार्गावर होत्या. मी घरी येऊन शहाण्यासारखी ‘ऐंशी टक्के’ असं वाचून दाखवलं आणि पुढे काही न सांगता कामाला निघून गेले. आत्याने आपल्या परीने अर्थ लावला: ऐंशी टक्के सगळं संपलं, उरलेल्या विसासाठी हॉस्पिटल कशाला? त्याच आठवड्यात कोणीतरी तिला रुमालाचा पत्ता दिला. तिथला डाग निदान लहान होत होता. माझे ऐंशी ऐंशीच राहिले होते.

लॅबमध्ये आमचा एक नियम आहे. पेशंटच्या कापाबरोबर दोन ओळखीचे काप रंगवायचे: एकात ती खूण नक्की असते, दुसऱ्यात नक्की नसते. जिथे नसायला हवा तिथे रंग आला, तर सगळं काम कचऱ्यात. म्हणून मी उठून उभी राहिले. मला काही झालेलं नाही, माझ्यावर ठेवून दाखवा, म्हणाले.

रुमालवाल्यांनी आनंदाने माझ्या मनगटावर दुसरा रुमाल ठेवला आणि उचलला. कोरा.

“पोरगी ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “डोकं सोडून.”

हॉल खदखदून हसला. आत्याही हसली.

जिना उतरताना माझं कशातच लक्ष नव्हतं. काहीतरी निसटलं होतं. खाली रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, माझ्या मनगटाला शोधकजल लावलंच नव्हतं.

आत्याची लाँड्री दोन गल्ल्या पलीकडे आहे. आत शिरताच ती पोट खाजवू लागली. दर वेळी कातडी ताणते मेली, म्हणून कुरकुरली, आणि तिचा हात थांबला. नखात पोटाच्या वळीतली, रुमाल न पोचलेली पांढरी पूड होती. तिने ती ओल्या बोटांत चोळली. तीस वर्षं कपड्यांना खळ देणारी बोटं होती ती.

“ही खळ आहे,” ती म्हणाली. “पातळ केलेली.”

पुढचं मला येत होतं. खळ म्हणजे स्टार्च, आणि स्टार्चला आयोडीन लागलं की ते निळंकाळं होतं. शाळेत आपण सगळ्यांनी केलेला प्रयोग. जखमेवर लावायचं आयोडीन पाण्यात मिसळून मी रुमाल भिजवला. खळ माझ्या मनगटाला, दाराला आणि इस्त्रीच्या टेबलाला लावून वाळू दिली. रुमाल टेकवताच तिन्हीकडे काळे डाग उमटले.

आत्याने टेबलाकडे बोट दाखवलं. “आता याला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?”

डाग लहान कसा झाला, ते तिनेच सांगितलं: दर आठवड्याला खळ जरा कमी जागेवर लावायची, झालं. मग तिने वाटीतली दाट खळ दोन्ही तळहातांना चोळली आणि मला चल म्हणाली.

हॉलमध्ये गर्दी तशीच होती. आत्याने पुढे जाऊन रुमालवाल्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. आभार मानायला आलीय असं समजून ते प्रसन्न झाले. तिने त्यांच्याच थाळीतला ओला रुमाल त्या हातावर टाकला. उचलला तेव्हा मनगटावर तिच्या बोटांचे काळे ठसे होते.

“साहेब, तुम्हाला तर माझ्याहून जास्त झालाय.”

रोग स्पर्शाने उलटला, असं काहीतरी ते सांगू लागले. आत्याने पुढच्या खुर्चीला हात पुसला आणि रुमाल तिथे ठेवला. खुर्चीही आजारी निघाली. काही माणसं फायली उचलून निघाली, काही तशीच बसून राहिली. मागे एक बाई नवऱ्याच्या पोटावरून हळूच नख ओढून बघत होती.

जिन्यात आत्या थांबली. “रुमाल खोटा. मग तुझे ऐंशी खरे?”

“खरे. पण ते वेग सांगतात, तुझे दिवस नाही सांगत. भराभर विभागणाऱ्या पेशींवर औषधाचा घाव बहुधा जास्त बसतो, म्हणून घाई. आजार वाईट आहे, आत्या. तू बरी होशीलच असं मी म्हणणार नाही. पुष्कळांचं काय झालं ते आकड्यात असतं, एकट्या तुझं काय होईल ते नसतं.”

“हे त्या दिवशी सांगितलं असतंस तर?”

मी पिशवीतली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

तिच्या त्या प्रश्नासाठी हे लिहिते आहे. कोणी रोग वर काढून दाखवत असेल, तर त्याला एकच विचारा: जिथे रोग नाही, तिथे हेच सगळं, पाण्यासकट, करून दाखवतोस का? आणि माझ्यासारख्या शिकलेल्यांनो, घरच्यांना आकडा सांगितलात तर अर्थ सांगेपर्यंत जागचे उठू नका. आपण उठलो की त्या जागेवर रुमालवाला येऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला आम्ही वॉर्डात होतो. नर्सने सुई लावण्याआधी आत्याच्या हाताला आयोडीनचा बोळा फिरवला. बोटांच्या बेचक्यात निळाकाळा डाग उमटला आणि नर्स दचकून थांबली.

“घाबरू नको, खळ आहे,” आत्या म्हणाली. “तू टोच.”